उजव्या हाताची चार नखं

माझी रोजची वही आहे. दुपारची आवराआवर झाली की त्या दिवशी हातून काय बरं झालं, काय वाईट झालं, ते मी देवाला सांगितल्यासारखं तीत लिहिते. एकवीस वर्षं लिहिते आहे. त्यातल्या एका पानावर मी खोटं लिहिलं. ते पान माझ्या धाकट्या दिरांचं आहे, म्हणून आधी भाऊजींबद्दल सांगते.

भाऊजी आता चोपन्न वर्षांचे आहेत. चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या कारखान्यात ते तीस वर्षं काम करतात. काच यंत्रावर धरायची, घासायची, उजेडात बघायची, परत घासायची. नंबर जरा चुकला तर कुणाचं तरी डोकं दुखणार, म्हणून एकेक काच चारदा तपासतात. त्यांच्या हातून एकही काच अर्धी राहिलेली नाही, असं त्यांचे मालक सांगतात. घरी मात्र त्यांचं सगळंच अर्धं. पोहायला शिकायला गेले ते उथळ पाण्यातूनच परत आले. परदेशी भाषेचं पुस्तक आणलं, त्यात त्रेचाळिसाव्या पानावर अजून बसचं तिकीट खूण म्हणून आहे. लग्नसुद्धा ठरण्यापर्यंतच गेलं.

मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी एक वेताची खुर्ची विणायला घेतली होती. अर्धी विणून झाली होती. मी नेमकी न विणलेल्या बाजूला बसले आणि आत गेले, पाय वर, चहाचा कप हातात तसाच. सगळे धावले. मला कसंबसं बाहेर काढलं. तेव्हा रागाने मी म्हणाले, "हे कुठले भाऊजी, हे तर अर्धेराव!"

घर हसलं. सगळ्यांत जास्त तेच हसले. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पंचवीस वर्षं हे, म्हणजे माझे यजमान, त्यांना त्याच नावाने हाक मारत आले, आणि ते निमूटपणे 'ओ' देत आले. नाव ठेवलं मी, हे कुणाला आता आठवतही नसेल. मला आठवतं.

गिटार घरात आली ती एका चष्म्यामुळे. एक साठीच्या बाई कारखान्यात आल्या. म्हणाल्या, "हातातलं पुस्तक दिसतं, लांबची पाटी दिसते, पण समोर दोन हातांवर ठेवलेला कागद दिसत नाही, आणि माझं सगळं आयुष्य त्या दोन हातांवरच आहे." त्या गिटार शिकवायच्या. भाऊजींनी त्या अंतराची खास काच घासली आणि बरोबर बसली की नाही ते बघायला त्यांच्या घरी गेले. बाईंनी चष्मा लावून समोरचा कागद वाचत एक तुकडा वाजवला. पुढच्या महिन्यात भाऊजी एक जुनी गिटार घेऊन आले.

"आता ही कितव्या पानावर थांबणार?" ह्यांनी विचारलं.

"बघू या, दादा," भाऊजी म्हणाले.

दोन-अडीच वर्षं नुसते बोटांचे धडे चालले. मग बाईंनी त्यांना पहिली खरी रचना दिली. दोन पानांची. स्वरांच्या ओळींवर उभ्या रेघा मारून घरं पाडलेली असतात, तशी त्यात छप्पन्न घरं होती. बाईंच्या शिष्यांचा वर्षातून एकदा कार्यक्रम असतो. त्यात प्रत्येकाने एक रचना कागद न बघता वाजवायची. हातात सात महिने होते.

भाऊजी त्या दिवशी स्वयंपाकघरात आले, ओट्याला टेकून उभे राहिले. "वहिनी, मला आयुष्यात एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत, चार लोकांसमोर करून बघायची आहे. एकच. मग तुम्ही काय हवं ते म्हणा."

"मी कशाला काय म्हणू?" असं मी म्हणाले आणि फडकं पिळलं.

बाईंची शिकवायची तऱ्हा निराळी होती. त्यांनी छप्पन्न घरांचे आठ-आठचे सात तुकडे पाडले, आणि म्हणाल्या, "तुम्ही सुरुवातीला शूर असता आणि पुढे दमता. तेव्हा आपण सातवा तुकडा आधी घेऊ. तो आला की सहावा, मग पाचवा. म्हणजे वाजवता वाजवता तुम्ही नेहमी ओळखीच्या जागेकडे जाल." भाऊजींनी हे जेवताना सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे आधी छप्पर आणि मग पाया?" आणि हे म्हणाले, "अर्धेराव आता दुसऱ्या टोकाकडून अर्धं करणार!" परत हसणं झालं.

त्या सरावाची आता मला इतकी माहिती आहे की मी परीक्षा देऊ शकेन. आधी गिटार हातात घ्यायचीच नाही. कागद समोर ठेवून "एक आणि दोन आणि" असं मोजत नुसता वाचायचा. मग कोणतं बोट कुठे, ते पेन्सिलीने लिहायचं. मग फक्त उजवा हात, मोकळ्या तारांवर. मग फक्त डावा हात, आवाज न करता. हा डावा हात तर घरभर चालू असायचा. जेवणाच्या टेबलाच्या कडेवर, बसच्या दांड्यावर, एकदा तर ह्यांच्या दंडावर. ("अरे, मी काय वाद्य आहे का?") मग दोन्ही हात, टकटक करणारं यंत्र लावून, इतकं हळू की दोन स्वरांच्या मध्ये मी भांडं विसळून ठेवावं.

त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातून सात बटणं मागून घेतली होती. टेबलावर डावीकडे सात बटणं. तुकडा एकदा न चुकता झाला की एक बटण उजवीकडे. चूक झाली, अगदी सहाव्या बटणानंतर झाली, तरी सगळी परत डावीकडे. सातही उजवीकडे गेली की यंत्राचा वेग दोन आकड्यांनी वाढवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा चहा द्यायला गेले तेव्हा सहा बटणं उजवीकडे होती. माझ्या पायरवाने ते चुकले. बोटाने सगळी बटणं परत ओढून घेतली.

आता मला माझ्याबद्दल लिहायला हवं, आणि ते टाळत मी दीड पान भरलं आहे.

साडेपाच ही माझी देवासमोर बसायची वेळ. लग्नापासूनची. कारखाना पाचला सुटतो, म्हणून भाऊजींचीही तीच वेळ झाली. मध्ये एक भिंत. लोक मला भाविक समजतात. मी बसते हे खरं. पण तोंडात नाव असतं आणि मन डब्यात किती तांदूळ उरला, कुणी काय बोललं, यातच. वर्षानुवर्षं असंच. हे मी वहीतही कधी धड लिहिलं नाही. आणि भिंतीपलीकडे एक माणूस, ज्याला आम्ही अर्धेराव म्हणतो, तेच आठ घरांचं वाजवणं चाळिसाव्यांदा करत असायचा, आणि त्याचं मन हलत नव्हतं. ते ऐकू येतं. मन कुठे गेलं की स्वरात कळतं, आणि ते जात नव्हतं.

एकदा काय झालं, माळ संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी देवाचं नाव घेतलंच नाही. पलीकडचा तुकडा एकदा झाला की एक मणी ओढायचा, असं चाललं होतं. सबंध माळ मी भाऊजींच्या बटणांवर ओढली होती. मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. त्यांचा.

त्या दिवसापासून मला त्यांची नखं दिसायला लागली.

गिटारसाठी उजव्या हाताची नखं वाढवतात. करंगळी सोडून चार. तार नखाने सुटली की आवाज स्वच्छ येतो. भाऊजी काचेला शेवटची चकाकी देणारा बारीक कागद घरी आणून रोज ती घासायचे, कामावर जाताना त्यांवर चिकटपट्टी लावायचे. पूर्वी सुट्टीच्या दिवशी ते मला पीठ मळून द्यायचे, ते बंद झालं. मला म्हणाले होते, "वहिनी, रागावू नका. ही चार नखं म्हणजे माझी हत्यारं आहेत. एक तुटलं तर धड व्हायला महिना जाईल." तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. मला नीट माहीत होतं.

कार्यक्रमाला बारा दिवस होते. पहिला तुकडाही झाला होता, सगळे तुकडे जोडून झाले होते, आणि भाऊजी तापाने पडले. ताप चांगलाच होता. हे कामावर. मी पट्ट्या ठेवत होते, सूप पाजत होते, चादर बदलत होते. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना झोप लागली. उजवा हात चादरीबाहेर होता. मी पाण्याचं भांडं न्यायला आले होते. माझी नखं कापायची कात्री खिडकीत पडलेली असते.

मी स्टुलावर बसले. अंगठा, मग पहिलं बोट, मग मधलं, मग त्याच्या शेजारचं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. कापताना मनाशी म्हणत होते, आजारी माणसाची नखं स्वच्छ असावीत. डाव्या हाताची नखं वाढली आहेत का, हे मात्र मी बघितलंसुद्धा नाही. नखांचे चार तुकडे मी चिमटीत घेतले आणि पुसायच्या फडक्यात गुंडाळले. वर बघितलं तर भाऊजींचे डोळे उघडे होते.

त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला. उलटा केला. सुलटा केला.

"फार वाढली होती का हो?" त्यांनी विचारलं.

आता लिहिताना वाटतं, तो एक क्षण होता खरं बोलायचा. मी म्हणाले, "तापात तुम्ही अंग ओरबाडत होतात. रक्त निघालं असतं."

"असं का," ते म्हणाले. "तुम्हाला फार त्रास दिला मी." आणि डोळे मिटले.

त्या दुपारी मी वहीत लिहिलं, 'भाऊजींची सेवा केली. नखं काढली. ताप उतरतो आहे.' सेवा हा शब्द मी लिहिला. अक्षरसुद्धा छान आलं आहे.

दोन दिवसांनी ते उठले. पाय लटपटत होते म्हणून बाईंकडे मी सोबत गेले. बाईंची खोली लहान, भिंतीला टेकून चार गिटारी, आणि मधोमध ती कागद ठेवायची घोडी. बाईंनी भाऊजींचा हात बघितला आणि दोन हातांवरचा चष्मा काढून जवळचा लावला.

"हे काय? कुणी केलं हे?"

मी दारापाशी उभी होते. चप्पल अजून पायातच होती.

"मीच कापली," भाऊजी म्हणाले. "तापात."

"तापात माणूस बडबडतो, नखं कापत नाही!" बाई कडाडल्या. मग खिडकीकडे वळल्या. बाहेर बघत म्हणाल्या, "सात दिवसांत नखं येत नाहीत. दोन रस्ते आहेत. पुढच्या वर्षी वाजवा, कुणी काही म्हणणार नाही. नाहीतर बोटाच्या नुसत्या मांसाने वाजवा. तसं वाजवणारेही होऊन गेलेत. पण उजवा हात पहिल्यापासून शिकावा लागेल. मला आत्ता सांगा."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते तेव्हा मला कळलं नाही. मी जमिनीकडे बघितलं.

"मांसाने," ते म्हणाले.

पुढचे दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. कारखान्यातून सुट्टी होतीच. सकाळी बसायचे, दुपारी झोपायचे, संध्याकाळी पुन्हा. पुन्हा मोकळ्या तारा, पुन्हा यंत्र सगळ्यांत खालच्या आकड्यावर. सात बटणं परत डावीकडे. आवाज असा यायचा, जणू कुणी उशीखाली वाजवतं आहे. मग त्यांनी शोधून काढलं की हात जरा उजवीकडे, तारा जिथे बांधलेल्या असतात त्या पट्टीजवळ नेला की आवाज थोडा उघडतो. पण चौथ्या तुकड्यात एक जलद धाव आहे, एकामागून एक सोळा स्वर. तिथे नखाशिवाय बोट तारेत अडकायचं. तिथे रोज बटणं परत जायची. बोटांची टोकं लाल झाली. मी कोमट पाणी नेऊन ठेवायचे. ते "थँक्यू वहिनी" म्हणायचे. त्यापेक्षा त्यांनी ते भांडं माझ्या अंगावर फेकलं असतं तर बरं झालं असतं.

मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. आणि रोज मला एक छान कारण सापडायचं. आत्ता सांगितलं तर त्यांचं मन विस्कटेल, कार्यक्रम होऊन जाऊ दे. कारण इतकं चांगलं होतं की मी ते देवालाही सांगितलं. साडेपाचला बसायचे, पण माळ हातात घेण्याचं धाडस होत नव्हतं. नुसती बसायचे.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. घडीच्या खुर्च्या, मागे एक पंखा खडखडत होता, तो कुणीतरी बंद केला. साठ-सत्तर माणसं असतील. भाऊजींच्या आधी नऊ वर्षांची एक मुलगी होती, तिने फटाफट वाजवलं आणि पळून गेली. मग भाऊजी. धुतलेला पांढरा शर्ट. डावा पाय छोट्या स्टुलावर ठेवला. बसल्यावर त्यांनी उजवा हात एकदा गुडघ्यावर पुसला.

हे माझ्या कानात म्हणाले, "अर्धेराव आज काय करतात बघू."

"तसं म्हणू नका," मी म्हणाले. इतक्या जोरात की पुढच्या रांगेतल्या कुणीतरी वळून बघितलं.

आवाज बारीक होता. पण लोक ऐकायला पुढे झुकले, आणि झुकलेलेच राहिले. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा. माझी बोटं पदरात एकेक घर मोजत होती. चौथा तुकडा आला. एक घर, दोन, तीन. धाव सुरू झाली आणि बोट अडकलं.

शांतता. अर्धा श्वास असेल, पण मला त्या वेळात चार नखं, ते फडकं आणि कात्री सगळं दिसलं. मनात एकच आलं, हे मी केलं. ह्या माणसाची एकुलती एक पुरी होणारी गोष्ट मी दुपारी स्टुलावर बसून कापली.

आणि मग पाचवा तुकडा सुरू झाला. पाचव्याच्या पहिल्या घरापासून, ठाम. उलट्या क्रमाने शिकल्यामुळे प्रत्येक तुकड्याचं दार त्यांना वेगळं ठाऊक होतं. चौथ्याचं दार बंद झालं तसं ते पाचव्यातून आत शिरले. सहावा, सातवा. शेवटचा स्वर त्यांनी पूर्ण विरेपर्यंत धरून ठेवला.

टाळ्या पडल्या. हे उभेच राहिले. "वाजवलं की रे सगळं! सगळं वाजवलं!" त्यांचे डोळे भरले होते. मध्ये पाच घरं गेली, हे त्या सभागृहात तिघांनाच कळलं होतं. बाईंना, भाऊजींना आणि मला.

घरी येताना हे पुढे कुणाशी तरी बोलत चालले होते. भाऊजी गिटारची पेटी घेऊन माझ्या बरोबरीने होते.

"तुम्हाला कळलं ना, वहिनी?"

"पाच घरं."

"पाच," ते हसले. "भिंतीला कान आहेत म्हणायचे."

मग मी बोलले. रस्त्यातच, एका बंद दुकानाच्या पायरीजवळ थांबून. ओरबाडणं खोटं होतं. मला माहीत असून कापली. मला तुमचा हेवा वाटत होता, तुमचं मन एका जागी बसतं म्हणून. हे सगळं मी जमिनीकडे बघत बोलले, आणि बोलून झाल्यावरही वर बघवेना.

भाऊजींनी पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दुसऱ्या नखाला मला जाग आली होती," ते म्हणाले.

मला समजलंच नाही.

"जागा होतो मी. हात मागे घेता आला असता. नाही घेतला. अंगठा आणि एक बोट गेलं होतं, दोन राहिली होती, आणि माझ्या मनात काय आलं सांगू? सुटलो. आता कुणी मला नावं ठेवणार नाही. नखंच नाहीत, मी काय करणार? म्हणून पडून राहिलो. बाईंना मी म्हणालो ना, मीच कापली? ते निम्मं तरी खरं होतं."

"मग मांसाने का म्हणालात? पुढच्या वर्षी म्हणायचं होतं."

"तुम्ही दारात उभ्या होतात. चेहरा असा झाला होता तुमचा. म्हटलं, मी सोडलं तर हे बाईमाणूस जन्मभर स्वतःलाच खात बसेल, आणि कारण तर माझंही होतं." मग म्हणाले, "पण राग आला आहे मला, वहिनी. नाही असं नाही. तो जाईल. वेळ लागेल."

"लागू दे," मी म्हणाले.

हे पुढून ओरडले, "अरे चला, तिथे काय अर्ध्या वाटेत थांबलात!"

त्यांनीही गुन्हा वाटून घेतला म्हणून माझा हलका झाला, असं मला वाटत नाही. त्यांनी हात मागे घेतला नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं. कात्री माझ्या हातात होती. आणि त्यांना पळून जावंसं वाटलं, तेही ज्या नावामुळे, ते नाव मी ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहीतलं ते पान काढलं. 'सेवा केली' यावर काट मारली, फाडलं मात्र नाही. खाली लिहिलं, 'हेव्याने नखं कापली. विचारल्यावर खोटं बोलले. 'त्रास दिला' म्हणून उलट त्यांनीच माझी क्षमा मागितली आणि मी मागू दिली.' अक्षर वाईट आलं आहे.

साडेपाचला मी देवासमोर बसले. पलीकडे यंत्राची टकटक सुरू झाली, सगळ्यांत खालच्या आकड्यावर. चौथा तुकडा, चौथं घर. बोट अडकलं. बटणं ओढल्याचा आवाज आला. पुन्हा चौथं घर.

मी माळ हातात घेतली. एका मण्यावर बोट ठेवलं. नाव मनापासून येईपर्यंत तो मणी पुढे ढकलायचा नाही, असं ठरवलं होतं. भिंतीपलीकडे सहा बटणं उजवीकडे गेली आणि सगळी परत आली. माझा मणी होता तिथेच होता.